चाकणच्या पलीकडचा द्राक्षमुलूख

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त क्लब हाऊसमध्ये झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



समितीनं मला विषय दिला तो 'आपली द्राक्षसहल'. सेक्रेटरी म्हणाले, चाळीस मिनिटं बोला, पण फोटो दाखवू नका, फोटो सगळ्यांनी ग्रुपवर पाहिलेत. तेव्हा आज फोटोंत न आलेल्या गोष्टी सांगतो.

या सहलीचं मूळ पोर्तुगालात आहे, हे काहींना माहीत नसेल. आपल्या ए विंगमधला एक मुलगा नोकरीनिमित्त तिकडे गेला आणि सुट्टीत दोरू नदीच्या खोऱ्यात फिरून आला. त्यानं ग्रुपवर फोटो टाकले. उभ्या डोंगराला दगडी बांध घालून पायऱ्या केलेल्या, त्या पायऱ्यांवर द्राक्षाचे वेल, खाली नदी. दगडी हौदात गुडघाभर द्राक्षं आणि गावकरी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून ती तुडवताहेत, बाजूला एकजण अकॉर्डियन वाजवतोय. ग्रुपवर एकच गजर, "काय मुलूख आहे!" त्यावर बी विंगमधल्या एका वहिनींनी एवढंच लिहिलं, "आमच्या नारायणगावाला कधी आलात का?"

मंडळी, प्रश्न साधा होता, पण त्याला ग्रुपवर उत्तर आलं नाही. इथून नारायणगाव दीड-दोन तासांवर. नाशिकला, शिर्डीला जाताना त्या रस्त्यानं आपण कितीदा गेलो असू. पण आता राजगुरुनगरला बायपास, मंचरला बायपास, नारायणगावला बायपास. गाव उजवीकडे होतं की डावीकडे, तेही कळत नाही. म्हणून गेल्या फेब्रुवारीत दोन बस करून आपण गेलो. पहिला दिवस नारायणगाव, मुक्काम ओझरच्या भक्तनिवासात, दुसरा दिवस नाशिक. वहिनींचं माहेर नारायणगावजवळच्या वाडीवर, त्यामुळे बाग आयतीच मिळाली.

द्राक्षाची बाग म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो मांडव. आता बऱ्याच ठिकाणी लोखंडी अँगलचा 'वाय' आकाराचा सांगाडा असतो, त्यावर तारा आणि तारांवर वेल. वहिनींच्या भावानं, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या दादांनी, आधी आम्हाला वेलाचं खोड दाखवलं. जमिनीपासून फूटभरावर एक गाठ असते. गाठीच्या खाली एक झाड, वर दुसरं. खालचं जंगली, डॉगरिज नावाचं, मूळचं अमेरिकेतलं. खारं पाणी आणि पाण्याचा ताण ते सोसतं. वरचं आपल्याला हवं ते कलम. युरोपातही हेच आहे. एकोणिसाव्या शतकात फायलोक्झेरा नावाच्या किडीनं तिथल्या वेलांची मुळं खाल्ली, दोरूचं खोरंही त्यातून सुटलं नाही. शेवटी त्यांनी अमेरिकन मुळांवर आपले वेल बांधले आणि बागा वाचवल्या. नारायणगावचा वेल आणि पोर्तुगालचा वेल दोघेही परक्या पायावर उभे आहेत. आपणही बरेचसे तसेच आहोत म्हणा. कोणी जुन्नरचा, कोणी लातूरचा, कोणी जळगावचा, आणि कलम चिंचवड एमआयडीसीत बांधलेलं.

दुसरी गोष्ट छाटणीची. युरोपात थंडीत बर्फ पडतो, वेल झोपतो, वसंतात जागा होतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षं निघतात. आपल्याकडे वेलाला झोपच नाही. म्हणून माणसानं वर्षातून दोनदा कात्री लावायची. एप्रिलमध्ये खरडछाटणी, त्यातून काडी तयार होते. ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, त्यातून घड येतात. दोन छाटण्या आणि पीक एकच. गोडी छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून एकेका काडीवर पेस्ट लावतात. मग फेलफुटी काढणं, विरळणी, घड संजीवकात बुडवणं, ज्याला सगळे डिपिंग म्हणतात, आणि शेवटी उन्हापासून जपायला घडांना कागद. एकेका घडाला किती वेळा हात लागतो ते दादांनी मोजून दाखवलं. आपल्या महिला मंडळातल्या एकजणी म्हणाल्या, "अहो, एवढं तर मी पोरांचंही केलं नाही."

हे हात कुणाचे? पहाटे नारायणगावात मजुरांचा बाजार भरतो. जुन्नर, आंबेगाव, अकोल्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरातून आदिवासी कुटुंबं कामाला येतात, ती इथं उभी राहतात आणि बागाईतदार पिकअप घेऊन येतात. चाकणच्या चौकात सकाळी दिसतं तेच चित्र. आपल्याकडे डब्याची पिशवी असते, तिथं कडेवर मूलही असतं. पोर्तुगालच्या फोटोत तुडवणारे पाय दिसले, पण विरळणी करणारी बोटं कुठल्याच फोटोत येत नाहीत. आपल्याही नाहीत, मी सगळे फोटो तपासले.

आता आपल्यासारख्या कंपनीवाल्यांना कळेल असा मुद्दा. दादांनी ऑफिस म्हणून एक पत्र्याची खोली केली आहे. तिथं भिंतीवर फवारणीची नोंद. तारीख, औषध, प्रमाण, काढणीआधी किती दिवस थांबायचं, सगळं. मी म्हटलं, हे तर आमच्या लाईनवरचं चेकशीट! त्याला कारण घडलेलं आहे. २००३ साली युरोपात आपल्या द्राक्षांत औषधाचे अंश सापडले आणि माल अडला. त्यानंतर तपासणीची शिस्त आली. २००६ पासून ग्रेपनेट नावाची व्यवस्था आहे. निर्यातीची प्रत्येक बाग नोंदलेली, प्रत्येक पेटीचा माग बागेपर्यंत लागतो. तरी २०१० साली पुन्हा फटका बसला. क्लोरमेक्वाट, म्हणजे आपले शेतकरी ज्याला लिहोसिन म्हणतात, ते वाढ रोखायला सर्रास वापरत. युरोपच्या यादीत ते आलं, अंश सापडले आणि कंटेनरच्या कंटेनर परत फिरले किंवा मातीमोल गेले. दादा म्हणाले, "साहेब, तुमचा पार्ट रिजेक्ट झाला तर भंगारात जातो. आमचा माल रिजेक्ट झाला तर आम्ही सोसायटीच्या कर्जात जातो." ही सोसायटी म्हणजे गावची विकास सोसायटी बरं का. आपली नव्हे.

दुपार उतरली तसं अंगणात जेवण झालं. मासवडी आणि तिखट रस्सा, बाजरीची भाकरी, इंद्रायणीचा भात. जुन्नर-आंबेगावची मासवडी म्हणजे नाव मासळीचं, पण आत तीळ, खोबरं, लसूण, कांदा आणि बाहेर बेसन. आमच्या सोबतच्या एका परप्रांतीय शेजाऱ्यांनी आधी नको म्हटलं आणि मग चार घेतल्या. तेवढ्यात वारं सुटलं, आभाळ भरून आलं. बसमधून आलेली आमची मंडळी खूश. "काय मस्त हवा झाली!" पण घरातलं बोलणं बंद झालं. वहिनींच्या आई भाकरी थापता थापता थांबल्या. दादा मोबाईलवर हवामान बघत अंगणाच्या कडेला गेले, मग त्यांनी ट्रॅक्टरला ब्लोअर जोडला.

फेब्रुवारीतला पाऊस म्हणजे काय, ते मला त्या दहा मिनिटांत कळलं. घडात साखर भरलेली असते. पाणी पडलं की मणी तडकतात, तडकलेल्या मण्याला कूज लागते आणि व्यापारी सौदा मोडतो. एप्रिलपासून केलेलं सगळं एका सरीत जातं. कारखान्यात वीज गेली तर शिफ्ट वाया जाते, इथं वर्ष जातं. आम्ही ओझरला मुक्कामी गेलो, विघ्नहराचं दर्शन घेतलं. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी त्या रात्री आपल्या पोराबाळांसाठी न मागता पाऊस पडू नये म्हणून मागितलं, हे मला दुसऱ्या दिवशी बसमध्ये कळलं. सकाळी सातला वहिनींना भावाचा फोन आला. "चार थेंब आले, गेले. निघा तुम्ही."

आता परंपरेकडे येतो, कारण पोर्तुगालचे फोटो पाहून सगळ्यांना भुरळ पडली ती त्या तुडवणीची आणि गाण्याची. आपल्या द्राक्षाला असा सण का नाही, हे एका मुलीनं बसमध्ये विचारलं. मला वाटतं, उत्तर असं आहे. त्यांचा वेल तिथं शेकडो वर्षांचा आहे. आपल्याकडे भोकरी, फकडी अशी जुनी द्राक्षं होती, पण बागांचा पसारा वाढला तो थॉम्पसन सीडलेस आल्यावर, गेल्या साठेक वर्षांत. पुढं तासगावच्या बोरगावातून तास-ए-गणेश निघालं, सोलापूरकडे नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी सोनाका आणि शरद सीडलेस शोधून काढलं. ही माणसं कुठल्या प्रयोगशाळेतली नव्हेत, बागेत वेगळी काडी दिसली की ती जपणारी. एवढ्या नव्या पिकाला स्वतःचा सण कुठून असणार? पण ज्या सणांत गाव आधीपासून होतं, त्यांना ते येऊन मिळालं.

जुन्नर-खेडकडे बैलपोळा श्रावणात नाही, भाद्रपदाच्या अमावास्येला. बागेत ट्रॅक्टर आहे, तरी दारात बैल आहे. तो का, तर गाड्यासाठी. निमगाव दावडीच्या खंडोबाचा घाट आपल्यातल्या कितीतरी जणांनी पाहिला असेल. बैलगाडा शर्यतींवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा मान्य केला. शर्यत असावी की नसावी यावर बसमध्ये दोन तट पडले, ते मी इथं उकरून काढत नाही. आपल्या चिखलीत, भोसरीतही हे वेड आहे, एवढंच सांगतो.

आणि नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर इथल्या. २००२ साली त्या गेल्या. त्यांच्या नावानं राज्य सरकार तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं. गुढीपाडव्याच्या आधी इथं फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पंच सुपारी ठरवायला येतात. चैत्र-वैशाखातल्या यात्रांचे तमाशे इथं ठरतात. आता हिशेब बघा. द्राक्ष निघतं फेब्रुवारी-मार्चमध्ये. त्याचा पैसा हातात आला की गावात यात्रेची वर्गणी गोळा होते. वर्गणी जमली की सुपारी. द्राक्षाला, कांद्याला, टोमॅटोला भाव मिळाला तर मोठा फड येतो, नाही मिळाला तर पंच हात आखडतात आणि ढोलकीवाला, नाची, सोंगाड्या अशी शंभर-सव्वाशे माणसांची चूल मंद होते. पोर्तुगालात द्राक्षाभोवती गाणं आहे. आपल्याकडे द्राक्ष आणि गाणं वेगवेगळं दिसतं, पण एकाच पैशावर जगतं. तो पैसा शेवटी कुठून येतो? आपल्या गेटसमोरच्या हातगाडीवरून.

दुसऱ्या दिवशी आळेफाटा, संगमनेर, सिन्नर करत नाशिक गाठलं. जाताना एकानं विचारलं, वाईनचा धंदा आधी नाशिकलाच आला का? नाही. तो आधी नारायणगावला आला. १९८०च्या दशकात श्यामराव चौगुले यांच्या इंडेज कंपनीनं फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीनं इथं फेसाळती वाईन बनवली आणि ती 'ओमर खय्याम' नावानं परदेशात विकली. आपल्या शेजारच्या तालुक्याची बाटली युरोपात गेली होती, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक होतं? २००९च्या सुमारास ती कंपनी कर्जात बुडाली आणि पुढं बंद झाली. वाईनचं द्राक्ष खायच्या बाजारात चालत नाही. मणी बारीक, साल जाड, आत बी. कंपनी थांबली की शेतकऱ्याला वेल तोडण्यावाचून मार्ग नसतो. त्या मंदीत नाशिककडेही अनेकांनी तोडले.

नाशिकला गंगापूर धरणाजवळ सुला आहे. राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून आले, १९९७ च्या सुमारास वेल लावले आणि २००० साली पहिली वाईन बाजारात आली. २००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, विंचूरला वाईन पार्क झालं आणि नाशिकचं नाव त्या नकाशावर चढलं. आत गेल्यावर आपले मेंटेनन्सवाले मित्र वाईन विसरून टाक्यांभोवतीच फिरत होते. स्टीलची टाकी, तिला थंड पाण्याचं जॅकेट, तापमानाचं पॅनेल. पांढऱ्या वाईनला रस काढून साल बाजूला करतात आणि थंड ठेवून आंबवतात. तांबडीला सालीसकट आंबवतात, कारण रंग सालीत असतो, रसात नव्हे. काळ्या द्राक्षाचा रस पांढराच निघतो, हे पाहून मुलांना जादू वाटली.

सहलीआधी वाद झाला होता, तो लपवत नाही. "वारकऱ्यांच्या मुलखातून वाईन बघायला जायचं?" असा प्रश्न सर्वसाधारण सभेत आला. तो प्रश्न राज्यातही आला होता. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकायला मंत्रिमंडळानं मान्यता दिली, अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय मागे पडला. एक बाजू म्हणते, हे शेतमालाला भाव देणारं पीक. दुसरी म्हणते, दारू ती दारू, घरं तिनंच मोडली. मला दोन्ही बाजूंत खरं दिसतं. आपल्या डी विंगमधले माळकरी आजोबा सहलीला आले होते. ते चाखायच्या दालनात आले नाहीत, बाहेर बाकावर बसून हरिपाठ म्हणत होते. मी विचारलं, "बाबा, तुम्हाला त्रास तर नाही ना झाला?" म्हणाले, "मी शेतकऱ्याचं पीक बघायला आलो. ते बघितलं. पेला ज्याचा त्यानं बघावा." चाखणाऱ्यांनी चाखली, बाकीच्यांनी रस घेतला, आणि परतीच्या बसमध्ये सगळ्यांनी एकाच आवाजात भजन म्हटलं. आपल्या सोसायटीच्या पंचवीस वर्षांतली ही गोष्ट मला स्मरणिकेत नोंदवावीशी वाटते.

आता दोरूची आणखी एक माहिती. तिथं वाईनमध्ये भेसळ वाढली, भाव पडले, तेव्हा १७५६ साली पोर्तुगालच्या सरकारनं त्या खोऱ्याची हद्द आखली आणि दगड रोवले. या दगडांच्या आत पिकलेलंच दोरूचं. ते दगड अजून आहेत. आपल्याकडे असं काही नाही असं समजू नका. नाशिकच्या द्राक्षांना आणि नाशिक व्हॅली वाईनला भौगोलिक मानांकन आहे. पण मानांकनाचा कागद आणि हातगाडीवरचं द्राक्ष यांची भेट होत नाही. गेटवर आपण विचारतो, "कसे दिले?" "कुठले?" असं कोणी विचारत नाही. आंब्याच्या वेळी मात्र देवगड की रत्नागिरी, हे विचारल्याशिवाय पेटी उघडत नाही.

आणि या मुलखाचा जगाशी व्यवहार काही नवा नाही. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याचा माल नाणेघाटानं जुन्नरला चढायचा. जुन्नरच्या लेण्यांत यवनांनी, म्हणजे ग्रीक वंशाच्या लोकांनी, दिलेल्या दानाचे शिलालेख आहेत. नेवाशाच्या उत्खननात भूमध्य समुद्राकडच्या मद्यकुंभांचे तुकडे सापडले. दोन हजार वर्षांपूर्वी तिकडची वाईन घाट चढून इकडे येत होती. आज इकडची पेटी न्हावा-शेव्याला उतरते आणि तिकडे जाते.

मंडळी, आपली सोसायटी उभी राहिली तेव्हा गेटच्या पलीकडे ज्वारी होती. जुन्या सभासदांना आठवत असेल, पाखरं बाल्कनीत यायची. आता तिथं शोरूम आहे. शेत लांब गेलं, पण आपला शेतकऱ्याशी संबंध तुटला नाही, तो फक्त दिसेनासा झाला.

म्हणून समितीपुढे मी तीन सूचना ठेवल्या होत्या आणि दोन मंजूर झाल्या आहेत. पहिली, फेब्रुवारी-मार्चमध्ये दर रविवारी दादांची गाडी थेट आपल्या गेटवर येईल. नावं आधी ऑफिसमध्ये नोंदवायची, भाव हंगामाच्या सुरुवातीला एकदा ठरेल आणि मग गेटवर घासाघीस करायची नाही. आभाळ आलं, थोडे मणी तडकले, तर ती पेटी वेगळी येईल, कमी भावात. तिचा रस करा, मनुके करा, पण ती परत पाठवू नका. दुसरी, एप्रिलमध्ये यात्रेला ज्यांना जायचं त्यांच्यासाठी एक बस. तमाशा रात्री असतो, त्यामुळे मुलांना कोण घेऊन जाणार, हे पालकांनी ठरवावं. तिसरी सूचना बागेतल्या मजुरांच्या मुलांसाठी वह्या-दप्तरांची होती. ती 'पुढील सभेत विचारार्थ' आहे. पुढील सभा येत्या महिन्यात आहे. गणसंख्या भरेल एवढे तरी या, ही विनंती.